वजाबाकीचे सहा तास

मुलीचं विमान किती वाजता उतरणार, हे मास्तर कुणालाही विचारणार नव्हते. एक तर त्यांनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात घालवला होता. दुसरं म्हणजे विचारायचं तर मुलीलाच, आणि चांगली नोकरी सोडून ती परदेशात नाटकांचे पडदे रंगवायला गेल्यापासून, गेली चार वर्षं, दोघांत बोलणं नव्हतं.

त्यांनी बायकोच्या शिवणयंत्रावरचा दोरा काढला, पृथ्वीच्या गोलावर या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत ताणला आणि मोजला.

"तूच म्हणालीस, तिकडून पहाटे पाचला निघणार. आठ तासांचं अंतर. घड्याळातला फरक तीन तासांचा. म्हणजे सकाळी दहाला इथे!"

"बरं," बायको म्हणाली. "दोरा परत गुंडाळून ठेवा."

नऊ वाजताच मास्तर बायकोला घेऊन विमानतळावर हजर. दहा वाजले, साडेदहा झाले, फलकावर विमानाचा पत्ता नाही. मास्तरांचा चेहरा उतरला. ते चौकशीच्या खिडकीवर जाऊन थडकले.

"काका, ते विमान चारला येतं."

"शक्यच नाही!" मास्तरांनी खिडकीवरचा चहाचा कप पुढे ओढला. "ही पृथ्वी. हा तुमचा दिवा म्हणजे सूर्य. आपण पूर्वेला, म्हणजे सूर्य आधी आपल्याकडे. म्हणजे आपलं घड्याळ पुढे. म्हणजे तीन तास..."

कप हवेतच थांबला.

"...मिळवायचे," मास्तर पुटपुटले आणि पृथ्वी हळूच जागेवर ठेवून परतले.

बायको बाकावर निवांत बसली होती. डबा, पाण्याची बाटली, विणकाम, सगळा दिवसभराचा सरंजाम.

"तुला माहीत होतं?"

"तिने कळवलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"चार वर्षांत तिचं नाव काढलं नाहीत. या आठवड्यात मात्र उठता बसता तिचं विमान. मी कशाला मध्ये तोंड घालू?"

मास्तर तिच्या शेजारी टेकले. मग घसा साफ करून म्हणाले, "आल्यावर काय म्हणू? 'प्रवास सुखरूप झाला ना?'"

"पाहुणी आहे का ती?"

"'झालं गेलं विसरून जाऊ'?"

"म्हणजे चूक तिचीच!"

दुपारभर मास्तर वाक्यं जुळवत राहिले आणि बायको सुयांवरून नजर न काढता ती नापास करत राहिली. शेवटी एक तिला पसंत पडलं. ते घोकत असतानाच विमान उतरलं, दहा मिनिटं आधी.

मुलगी बाहेर आली आणि जागीच थबकली. "बाबा? तुम्ही?"

घोकलेलं वाक्य साफ उडालं. मास्तरांनी तिच्या हातातली बॅग घेतली.

"वारा मागून होता का गं?"

मुलीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. तिचे डोळे भरून आले.

"वाऱ्याने काय होतं, बाबा?"

मास्तर समजावून सांगू लागले. टॅक्सी आली, गेली, दुसरी आली. वारा काही संपेना. आईने तिसरीलाही हात केला नाही.