कुंडी क्रमांक सात

निसर्गानं प्रत्येक रोगासाठी एक वनस्पती निर्माण केली आहे, आणि प्रत्येक वनस्पतीसाठी एक समिती. आमची शाखा औषधी वनस्पतींतल्या रासायनिक घटकांची सूची करते, म्हणजे नवी औषधं शोधणाऱ्यांना रानोमाळ भटकावं लागत नाही. (ते आता आमच्या व्हरांड्यात भटकतात.)

काम उत्तम चाललं होतं. झाडं नऊशेच्या घरात, घटक हजारो, आणि त्यांतला एकही कुणाच्या कामाचा नाही. यात दोष अर्थातच झाडांचा. तरीही वरून हुकूम आला: वर्षअखेर एक तरी उपयोगी घटक दाखवा, नाहीतर शाखेला टाळं.

सर्वांत जास्त धसका साहेबांनी घेतला. साहेब म्हणजे लाख माणूस. रोज दुपारी स्वतःच्या हातानं चहा करून सगळ्यांना देतात. (हा चहा पिऊन आजवर कुणी दगावलेलं नाही, कारण आजवर तो कुणी प्यायलेलाच नाही. खिडकीतली कुंडी क्रमांक सात सगळ्यांच्या हाताशी आहे.) शाखा गेली तर चहा कुणाला द्यायचा, या काळजीनं त्यांचं जेवण तुटलं. आमचाही जीव तुटत होता, चहा वगळून.

अशा वेळी कुंडी क्रमांक सात मदतीला धावून आली. तिच्या पानांत झोप उडवणारा, तरतरी आणणारा घटक सापडला. शिवाय थोडी साखर. चहातल्या घटकाशी साम्य शंभर टक्के. समितीनं नोंदवलं: चहानं हा गुण या झाडापासूनच उचलला असावा.

प्रयोगशाळेतल्या ताई जात्याच शंकेखोर. त्यांनी त्याच झाडाची फांदी घरच्या गॅलरीत लावली, वाढवली, तपासली. काही म्हणजे काही निघालं नाही. तो निकाल घेऊन त्या बैठकीत आल्या.

"साहेब, घरच्या रोपात हा घटक नाहीच. मला वाटतं, इथं कुंडीत रोज कुणीतरी..."

आम्ही सगळ्यांनी छताची पाहणी सुरू केली. साहेबांच्या हातातली किटली थबकली. "कुंडीत काय, ताई?"

ताईंनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आपल्या कपाकडे, जो नुकताच खिडकीपाशी जाऊन रिकामा होऊन आला होता.

"काही नाही, साहेब. घरी झाडाला इथल्यासारखी माया नाही हो मिळत."

ही वनस्पती फक्त कार्यालयीन वातावरणातच गुण धरते, असा ठराव एकमतानं झाला. शाखा वाचली. त्या आनंदात साहेबांनी चहा दुप्पट केला आणि पुढच्या तपासणीत गुणही दुप्पट भरला. विज्ञानात इतकी शिस्त क्वचितच दिसते.

आता या झाडाची एकेक कुंडी प्रत्येक कार्यालयात आणि घरात द्यायची आहे. तुमच्याकडेही येईल. निगा कशी राखायची हे मुद्दामच कळवलेलं नाही. तुमच्याकडेही कुणीतरी प्रेमानं चहा करून देत असेलच, आणि तुम्हीही रिकामा कप परत देताना "वा, फक्कड!" म्हणत असालच. म्हणत राहा. देशाची औषधं तुमच्यावरच अवलंबून आहेत.