मु. पो. ईट, द्वारा गजराबाई

खोटं बोलायचं तर अभ्यास करून बोलावं, या मताचा मी माणूस. भूम तालुक्यातलं ईट हे गाव मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण मोबाईलच्या नकाशावर आठ दिवस घोकून ते मला इतकं पाठ झालं होतं, की तिथला सरपंच रस्ता चुकला असता तर मी भालकीत बसून त्याला घरी पोचवला असता. स्टँड कुठं, शाळा कुठं, बँक कुठं, मारुतीचं देऊळ कुठं. विचारा, कुठूनही विचारा!

हा सगळा खटाटोप एका पत्त्यासाठी. मी मल्लिनाथ, राहणार भालकी, जिल्हा बीदर, राज्य कर्नाटक. घरात मराठी, दारात कन्नड आणि नोकरी डेअरीत दुधाची फॅट, म्हणजे ज्यावर दुधाचा भाव ठरतो ती स्निग्धता, तपासायची. ती डेअरी महिनाअखेर बंद होणार होती. घरी बायको अर्पिता, दोन वर्षांची समृद्धी, आणि मला काम येतं ते एकच: मशीनपुढं बसून कुणाचं दूध किती खरं ते सांगणं. महाराष्ट्रातल्या चार डेअऱ्यांत अर्ज केले. चारही ठिकाणांहून फोनवर एकच प्रश्न, "कर्नाटकातले का?" हो म्हटलं की पलीकडून फोन बंद.

पाचवी जाहिरात भूमच्या एका खासगी डेअरीची होती. खाली ठळक अक्षरात, "स्थानिकांना प्राधान्य." माझ्या डोक्यात लगेच बालाजी आला. पूर्वी आमच्याच डेअरीत होता, आता हैदराबादला असतो.

"आमची आत्या हाय की ईटला," तो फोनवर म्हणाला. "गजराबाई. एकलीच ऱ्हाती. टाक तिचा पत्ता. कोण बघाय जातंय?"

"आत्यांना सांगून ठेवशील ना?"

"सांगतो की."

मी अर्ज भरला. द्वारा गजराबाई, मु. पो. ईट. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, वरील माहिती खोटी आढळल्यास कायदेशीर कारवाईस पात्र राहीन. तिच्याखाली मी झोकात सही ठोकली. अर्पितानं कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, पत्त्यावर माणसं राहतात. तुम्ही नुसते रस्ते पाठ केलेत."

बायकांना भीती दाखवायची सवयच असते, असं म्हणून मी पेनाला टोपण लावलं.

मुलाखतीला पहाटे निघून, तीन बस बदलून भूम गाठलं. समोर रणधीरसाहेब, डेअरीचे व्यवस्थापक. मिशा भरघोस, बोलणं मोजकं. त्यांनी मशीनपुढं बसवलं, चार नमुने तपासायला लावले. एकात साखर घातलेली होती, ती मी पकडली. साहेबांनी मान हलवली.

"काम येतंय तुम्हाला," ते म्हणाले. मग अर्ज उचलला. "ईटचे का? अनुभव तर भालकीचा दिसतोय."

"नोकरीपुरता तिकडं होतो, साहेब. घर इथलंच."

"बरं झालं. मी तिकडंच निघालोय, आमच्या दूध केंद्रावर. चला, घरी सोडतो."

"कशाला त्रास साहेब? मी बसनं जातो."

"त्रास कसला? बसा गाडीत."

बसलो. काय करणार! मला माझ्याच घरी सोडायला निघाले होते आणि ते घर कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. नकाशावर गल्ल्या होत्या, पण कुठल्या दारावर गजराबाई आहे हे नकाशा दाखवत नाही. मी मोबाईल मांडीआड धरून बालाजीला लिहिलं, 'आत्याचं घर कुठं? लवकर सांग. साहेब सोबत आहेत.' दहा मिनिटांनी उत्तर आलं, 'ड्युटीवर हाय. संध्याकाळी निवांत बोलू.' आणि खाली एक अंगठा.

ती कायदेशीर कारवाईची ओळ डोळ्यांपुढून हटेना. भालकीच्या आमच्या गल्लीत जीप आलीय, दोन हवालदार उतरलेत, समृद्धी त्यांना टाटा करतेय, असं सगळं दिसायला लागलं.

"ईटमध्ये कुठंशी घर?" साहेबांनी विचारलं.

"देवळाच्या जवळ."

"कुठल्या देवळाच्या?"

"म्हणजे देवळापासून थोडं लांबच."

साहेबांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं. मी खिडकीची काच खाली केली.

ईटच्या अलीकडच्या फाट्यावर एका म्हाताऱ्यानं हात केला. डोक्याला फेटा, हातात दुधाची रिकामी किटली. साहेबांनी गाडी थांबवली.

"या कोंडीराम. घ्या, तुमच्याच गावचे पाहुणे आहेत गाडीत."

कोंडीराम मागं बसला आणि त्यानं मला नखशिखांत न्याहाळलं. "आमच्या गावचं? कुणाचं म्हनायचं?"

आपल्याकडं घर नंबर कोणी विचारत नाही. कुणाचा, एवढंच विचारतात, आणि ते मी पाठ केलेलं नव्हतं. शेवटी म्हणालो, "गजराबाईंचा. त्यांचा भाचा."

कोंडीरामनं फेटा वर सारून मला पुन्हा निरखलं. आता हा म्हणणार, गजराबाईच्या भाच्यांना मी ओळखतो, त्यातला हा न्हवं. मी साहेबांना खरं सांगून पाय धरायचे, की चालत्या गाडीतून उडी मारायची, याचा विचार करू लागलो. उडीच बरी वाटत होती.

पण कोंडीराम होता गावचा जुना माणूस. गावात येणारं जाणारं कुत्रं मांजर त्याला ठाऊक. डेअरीच्या साहेबापुढं 'मी याला ओळखत नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या इभ्रतीचा प्रश्न. तो एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, "आरं, उन्हाळ्यात मामाघरी यावं तशी ही पोरं आत्याकडं यायची की! नाव काय म्हनलास?"

"मल्लिनाथ."

"मल्लू! आमच्या चिंचंवरनं पडलेला त्यो तूच न्हवं?"

"मीच," मी म्हणालो. दुसरा इलाजच नव्हता.

"डावा हात मोडलता."

मी नकळत डावा हात चोळला. कोंडीरामला एवढ्यानं भरून आलं. "लई द्वाड पोरगं, साहेब. पर मनानं सोनं." आणि पुढं तोच साहेबांना वळणं सांगू लागला. माझा जीव भांड्यात पडला. पण भांडं गळकं होतं, कारण कोंडीराम गाडीच्या खिडकीतून दिसेल त्याला हाका मारत होता. "आरं धनाजी, गजराबाईचा मल्लू आलाय! डेअरीत लागतोय!" धनाजी नावाचा माणूस सायकल टेकवून हसला आणि म्हणाला, "वळखलं न्हाईस व्हय रं?" उलट मलाच! मी हात जोडले.

गजराबाईच्या दारात गाडी थांबली तेव्हा मागं सात आठ माणसं चालत आली होती. पुढं तर खरी परीक्षा. बालाजीनं आत्याला सांगितलेलं नसणार याची मला आता खात्री होती. ठेंगणी, काटक म्हातारी हातातलं सूप बाजूला ठेवून उंबऱ्यात उभी राहिली. मी गाडीतून उतरलो आणि गाडीचं दार धरून उभा राहिलो.

"गजराबाई, वळखा बगू कोन आलंय!" कोंडीराम ओरडला. "तुमचा भाचा. मल्लू!"

म्हातारीनं आधी साहेबांकडं बघितलं, मग गाडीकडं, मग माझ्याकडं. मी डोळ्यांनीच हात जोडले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तरी तो महिनाअखेरपर्यंत वाटला.

"आरं माझ्या लेकरा," ती म्हणाली, "किती वाळलास रं!" आणि माझ्या गालांवरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली.

मला रडू आलं. खरंच आलं. साहेब म्हणाले, "बराच जिव्हाळा दिसतोय." मी मान हलवली आणि वाकून आत्याच्या पाया पडलो, त्यात तोंड लपवायची सोयही झाली.

चहा झाल्याशिवाय साहेबांना कोण सोडतंय? घोंगडी अंथरली. गावकरी दाराशी बसले. मला वाटलं, संकट टळलं. आता एक कप चहा, साहेब जातील, मी पाचची बस धरीन आणि पुढच्या महिन्यात इथं खोली घेऊन खरोखरच स्थानिक होईन.

तेवढ्यात शेजारच्या कमलबाई पुढं सरकल्या. "व्हय रं मल्लू, मशिनीवर तूच बसनार न्हवं?"

"बघू, साहेबांनी घेतलं तर."

"मग आपल्या म्हशीचं बग. मेलं मशीन साडेपाचाच्या वर जातच न्हाय. मागल्या जन्मीचं वैर हाय त्याचं माझ्याशी."

"माझी बी तीच गत," धनाजी म्हणाला. "आता घरचा मानूस बसला म्हनल्यावर काय काळजी न्हाय."

कोंडीरामनं तर माझ्या खांद्यावर हात टाकला. "सातच्या खाली आपली फॅट लागूच नगं. चिंचंखालनं तुला उचलून आनलेलं म्या, इसरू नगंस."

मी घाबरून साहेबांकडं बघितलं. ते बशीतला चहा शांतपणे पीत होते. एकेकाकडं बघत होते, जसं मी दुधाच्या नमुन्याकडं बघतो. चहा संपला. "मल्लिनाथ, जरा गाडीपर्यंत या," ते म्हणाले.

गाडी दारापासून वीस पावलांवर होती. साहेबांनी माझा अर्ज बॉनेटवर ठेवला.

"हुशार आहात. ती साखर आमच्या जुन्या माणसालाही सापडली नव्हती. पण तुम्हाला घेता येत नाही."

"का, साहेब?"

"अहो, मशीनवर गावातला माणूस बसवला की गावातल्या म्हशींची फॅट वाढते. मागच्या खेपेला एका केंद्रावर तिथलाच पोरगा घेतला. पंधरा दिवसांत त्याच्या मामाची गाय फॅटमध्ये म्हशीपुढं गेली. तेव्हापासून मी परगावचाच माणूस बघतो."

"पण जाहिरातीत तर स्थानिकांना..."

"ते लिहावं लागतं. नाहीतर गावंच्या गावं डेअरीपुढं येऊन बसतात. तुमचा भालकीचा अनुभव बघून वाटलं, पत्ता नुसता नावाला असेल, गावात कोणी ओळखत नसेल. म्हणून तर मुद्दाम सोडायला आलो." त्यांनी दाराकडं बघितलं. "पण इथं तर तुम्ही कुठल्या झाडावरून पडलात तेही लोकांना ठाऊक आहे."

मी दबक्या आवाजात, भराभर सगळं सांगून टाकलं. मी भालकीचाच. चिंच मी पाहिलेली नाही. त्या बाई माझ्या कोणी नाहीत, आज पहिल्यांदा बघतोय. आधारकार्डही काढून दाखवलं. साहेबांनी ते हातात घेऊन वाचलं.

त्यांनी कार्ड परत दिलं. अर्जावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही सही तुमचीच?"

"माझीच."

"म्हणजे एक तर तुम्ही इथले, नाहीतर खोटारडे. इथला असला तर मशीनवर बसवता येत नाही. खोटारडा असला तर दारातही उभा करता येत नाही, शिवाय वर कळवावं लागतं. शेऱ्याला जागा एकाच ओळीची आहे. काय लिहू?"

मी मागं वळून बघितलं. उंबऱ्यात गजराबाई पदर सावरून उभ्या होत्या. आमचं बोलणं तिथवर पोचत नव्हतं. मी बघतोय म्हटल्यावर त्या हसल्या.

"इथला लिहा, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी लिहिलं, पेन खिशाला लावलं, माझ्याशी हात मिळवला आणि गेले. लोक पांगले. कोंडीराम जाताना सकाळच्या दुधाची आठवण करून गेला. गजराबाईंनी मला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी. मला घास उतरेना.

"जेव की," त्या म्हणाल्या. "आता कशाला भितूस? झालं न्हवं काम? साहेबानं लिवलेलं बगितलं म्या. हात बी मिळवला."

मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसलो.

"कोन हाईस रं तू?" त्यांनी हळूच विचारलं.

मी दचकलो. "म्हणजे, तुम्हाला..."

"माझ्या भावाची पोरं म्या अंगाखांद्यावर खेळवल्यात. मला कळत न्हाय व्हय? पर साहेब दारात, तू घामानं भिजलेला. म्हनलं, हे लेकरू नोकरीपायी आलंय. म्या वळखत न्हाय म्हनले असते तर गेली असती बग तुझी नोकरी."

मी बालाजीचं नाव सांगितलं. त्यांनी त्याला चार शेलक्या शिव्या दिल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तुम्ही मला ओळखलंत म्हणूनच नोकरी गेली, हे त्या माउलीला कुठल्या तोंडानं सांगायचं? "लई उपकार झाले, आत्या," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. अर्पिताचा फोन. माझे हात खरकटे होते. मी नको नको म्हणेपर्यंत आत्यांनी तो उचलून कानाला लावला.

"कोन, सूनबाई? म्या आत्या बोलतीया, ईटची. आगं, झालं बग काम! साहेबानं सोता लिवून दिलं. पेढे वाट तू गल्लीत."

पलीकडं अर्पिता आधी रडली, मग हसली, मग समृद्धीला मोठ्यानं सांगताना मला ऐकू आली की बाबांना नोकरी लागली. सकाळपासून साहेबांना भ्यालो, हवालदारांना भ्यालो, कोंडीरामला भ्यालो. पण खरी भीती मला तेव्हा वाटली.

भालकीच्या बाजूला जाणारी बस पाचला होती. ती मी चुकवली. खरं सांगायचं तर, साडेचारलाच स्टँडवर जाऊन बसलो होतो आणि ती निघेपर्यंत समोर बघत होतो.