बरणीवरचे उगमस्थान

कोणतीही भाषा आठवड्याभरात शिकता येते, असे माझे ठाम मत आहे. फक्त कोणत्या आठवड्यात, ते सांगता येत नाही.

आमची मुलगी घराच्या पुढच्या खोलीत कॉफी भाजून विकते. दूरदेशीचा एक मळेवाला तिच्याकडे यायचा होता. आपले दाणे ती कसे भाजते ते चाखणार, आणि पटले तर वर्षाचा माल तिलाच देणार. तो बोलणार स्पॅनिश.

"पोरी, दुभाष्या घरात असताना काळजी कसली?" मी म्हटले.

"बाबा, तुम्ही नुसते बसा."

निवृत्त माणसाला याहून अवघड काम नाही. मी शब्द चिठ्ठ्यांवर लिहून घरभर चिकटवले. भाजायच्या यंत्रावर 'तुएस्ते', म्हणजे भाजणी. बायकोच्या औषधाच्या बाटलीवर 'आमार्गो', म्हणजे कडू. फडताळात एकसारख्या पाच बरण्या होत्या. चार मुलीच्या, चार देशांच्या दाण्यांच्या. पाचवी माझ्या रोजच्या कॉफीची. त्यांच्यावरच्या देशांच्या नावांच्या जुन्या चिठ्ठ्या मी गरम पाण्याने खरवडून काढल्या आणि पाचही बरण्यांवर सुवाच्य अक्षरांत लिहिले, 'ओरिखेन'. म्हणजे उगमस्थान.

पाहुणा येऊन बसला आणि मुलीने फडताळ उघडले. बरणीबरणीवर उगमस्थान होते. उगम तेवढा गेला होता.

"बाबा, यातली त्यांची कोणती?"

"डावीकडची असावी."

"असावी?"

"हिला बाहेरचा शत्रू कशाला हवा," बायको म्हणाली आणि आधण ठेवले.

मुलीने ओठ आवळून पाचही बरण्यांतले दाणे दळले, पाच वाट्या ओळीने मांडल्या. पाहुण्याने माझ्याकडे बघून काहीतरी लांबलचक विचारले. त्यात माझा एकही शब्द नव्हता, म्हणून मी समजूतदारपणे मान हलवली. मग मुलीच्या फोनने भाषांतर केले: "नावे मुद्दाम काढलीत ना? खरी पारख अशीच करतात."

मान आधीच हलून झाली होती.

तो चमच्याने भुरके मारत निघाला. तिसऱ्या वाटीशी थांबला, डोळे मिटले. फोन म्हणाला, "ही माझ्या टेकडीवरची. माझ्या घरीसुद्धा इतकी चांगली लागत नाही." त्याने मुलीचा हात हातात घेऊन वर्षाचा माल कबूल केला. बायकोने असा सुस्कारा सोडला, की पडदा हलला. माझाही श्वास सुटला. तो मी फडताळापासून धरून ठेवला होता.

शेवटच्या वाटीचा त्याने एकच घोट घेतला, ती दोन बोटांनी लांब सारली आणि म्हणाला, "आमार्गो."

तो काळाकुट्ट रंग मी कुठेही ओळखीन. कॉफी माझी होती.

मुलीने फोन केव्हाच खाली ठेवला होता. "काय म्हणाले, बाबा?"

"उत्तम म्हणतायत."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, माझ्या औषधावर चिकटवलंत, तेच का हे?"