साखरेतली काळी मेणबत्ती

शारदाबाईंनी काळी मेणबत्ती साखरेच्या डब्यात खुपसली आणि झाकण घट्ट लावलं. सोमवार, गुरुवार, संकष्टी पाळणाऱ्या बाईला लपवाछपवी शोभत नाही, हे त्यांना कळत होतं. पण चार वाजता भजनी मंडळाच्या बायका सून बघायला येणार होत्या.

प्रणेशच्या लग्नापासून शारदाबाईंनी भालकी गावभर 'अमेरिकन सून' एवढंच सांगितलं होतं. रंग कुणी विचारला नव्हता, त्यांनी सांगितला नव्हता. आता ती सून, जॅनेल, बैठकीत चटई अंथरून सण मांडत होती. तीन लाल मेणबत्त्या, तीन हिरव्या, मधे काळीसाठी मोकळी जागा, शेजारी मक्याची कणसं. सणाचं नाव क्वान्झा.

प्रणेशनं आईला समजावलं होतं, की जॅनेलच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलं. गाव कुठलं, आडनाव काय, काही मागे उरलं नाही. म्हणून तिकडच्या लोकांनी साठेक वर्षांपूर्वी आपला सण आपणच जुळवला. सात दिवस, रोज एक मेणबत्ती वाढवायची.

"देव कोणता?"

"देव न्हाई, आई."

"मग उपास?"

"न्हाई. उलट शेवटाला जेवणावळ असती."

देव नाही, उपास नाही आणि मधोमध काळं. मंडळातल्या भागाबाई दोन वर्षांपासून शारदाबाईंच्या अध्यक्षपदावर डोळा ठेवून होत्या. त्यांना हे काय सांगायचं?

बायका आल्या. सुनेकडे पाहून झालं. भागाबाईंनी एवढंच विचारलं, की अमेरिकेत ऊन लई असतंय का. शारदाबाईंनी घाईघाईनं विषय मेणबत्त्यांकडे वळवला आणि म्हणून टाकलं, की हे सुनेच्या माहेरचं सप्तदीप व्रत आहे. व्रत म्हटलं की नियम आले. शारदाबाईंनी आपल्याच व्रतांतून उसने घेतले : सात दिवस एकवेळ जेवण, तेही अळणी. बायकांनी तिथंच नेम धरला आणि एकेक कणीस प्रसाद म्हणून घरी नेलं.

त्या गेल्यावर जॅनेल मेणबत्ती शोधू लागली. पहिल्या दिवशी काळीच लावायची असते. तिनं पलंगाखालीसुद्धा पाहिलं. प्रणेश दुसरी आणायला बाजारात गेला. दुकानदार बाबूलालनं चौकभर ऐकू जाईल असं विचारलं, "काळी कामून पायजे, अण्णा? कुणावर करणी करायलाव का?"

त्या संध्याकाळी जॅनेल न लावलेल्या मेणबत्त्यांसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. देवाजवळ निरांजन लावताना शारदाबाईंनी तिकडे पाहणं टाळलं.

सकाळी सगळी कणसं कंपाउंडच्या भिंतीवर परत आली होती. एकाला लिंबू-मिरची बांधलेली. दुपारी बायकाही आल्या. भागाबाई दारातूनच म्हणाल्या, "करणीवाल्या घरची अध्यक्षीण आमाला नको."

शारदाबाईंच्या नवऱ्याला, हणमंतरावांना, बायकोच्या राजकारणात रस नव्हता. पाहुण्यांना चहा करावा म्हणून त्यांनी साखरेचा डबा उघडला आणि तो घेऊन तसेच बाहेर आले. "शारदा, हे साखरंत काय ठिवलीस?"

सगळ्यांनी मेणबत्ती पाहिली. जॅनेलनं मेणबत्ती पाहिली, मग सासूला पाहिलं.

"तशीच पद्धत हाय," शारदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "काळी एक दिवस साखरंत ठिवायची. गोड व्हावं म्हणून."

प्रणेशनं खाली बघत बायकोला अर्थ सांगितला. जॅनेल उठली. मेणबत्तीवरच्या मुंग्या तिनं बोटानं एकेक करून काढल्या आणि शिकलेल्या मराठीत म्हणाली, "काळी म्हणजे आम्ही. आमची माणसं." मग म्हणाली, "आई, डब्यात अंधार असतो."

जॅनेलनं कालची काळी आणि आजची लाल, दोन्ही लावल्या.

"म्हंजी करणी न्हाई?" भागाबाई नाराज होऊन म्हणाल्या.

"संक्रांतीला काळी साडी नेसून तुमी काय करणी करता व्हय?" हणमंतराव म्हणाले.

भागाबाई जाताना भिंतीवरचं आपलं कणीस उचलून घेऊन गेल्या. अध्यक्षपद वाचलं.

पुढच्या डिसेंबरात अटलांटाहून फोटो आला. जॅनेलच्या आईचं टेबल, तीन लाल, तीन हिरव्या, आणि मधे साखरेच्या वाडग्यात रोवलेली काळी मेणबत्ती. खाली जॅनेलनं लिहिलं होतं, 'सासूबाईंची पद्धत.'

भागाबाईंनी फोटो मंडळभर फिरवला. "बघा, तिकडंबी नेम पाळायलेत," त्या म्हणाल्या आणि शारदाबाईंच्या ताटावर नजर ठेवून समोरच बसल्या.

शारदाबाईंनी व्रताच्या अळणी पिठल्याचा घास गिळला. अजून पाच दिवस जायचे होते.