तीन पावलांवरची कळी

हेडली पेनरोजने ती पात उपटली तेव्हा त्याचा हात अगदी रंगात आला होता. रानात माजलेलं, कांद्यासारख्या पातीचं कांदातण धरायचं, हिसका द्यायचा, बादलीत टाकायचं. साठेक पाती झाल्यावर त्याला शेजारी जाळीचा पिंजरा आडवा पडलेला दिसला. कांगारूने धडक दिली असणार. त्या पिंजऱ्याखाली मावीसचं ऑर्किड होतं. आता नव्हतं.

एकोणऐंशी वर्षांची मावीस हॅलिडे म्हणजे पॅरट गली या घळीतल्या रानात तण काढणाऱ्या स्वयंसेवकांची म्होरकी. नऊ वर्षांपूर्वी तिला इथे या ऑर्किडची एकुलती एक पात सापडली होती, हुबेहूब कांद्याच्या पातीसारखी. फूल मात्र कधी आलं नाही. मावीसचे गुडघे गेले होते आणि हा तिचा शेवटचा हंगाम होता.

"हेडली, चहा गार होतोय!" मावीसने हाक मारली.

बादलीतल्या ढिगात ऑर्किड ओळखणं देवालाही जमलं नसतं. हेडलीने एक टवटवीत कांदातण उचलून त्या भोकात खुपसलं, वर पिंजरा उभा केला आणि चहाला जाऊन बसला.

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ऑक्टोबर उजाडला आणि त्या पातीला कळी धरली.

मावीसने पिंजऱ्याभोवती तीन पावलांवर दोरी बांधली. आत पाय टाकायचा नाही, दुर्बिणीतून बघायचं. ज्या तणावर ही मंडळी वर्षानुवर्षं तुटून पडत होती, त्याच्यापुढे ती आता टोप्या काढून उभी राहू लागली.

"मावीस, मला जरा बोलायचंय," हेडली म्हणाला.

"हळू बोल, मेल्या! दचकेल ती."

शेवटी शहरातून ऑर्किडच्या जाणकार डॉक्टर स्टाव्हरू आल्या. दोरी ओलांडून त्या पिंजऱ्यापाशी पालथ्या झोपल्या. वीस माणसं श्वास रोखून उभी होती. बाईंनी कळी हुंगली.

"हे कांदातण आहे."

"मी लावलंय," हेडली पुढे येऊन म्हणाला. "तुझं ऑर्किड मी उपटलं, मावीस. चुकून. आणि मग घाबरलो."

मावीसचा चेहरा बघून हेडलीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"कुणी हलू नका," बाई जमिनीवरूनच कुजबुजल्या. "पिंजऱ्यात नव्हे. पिंजऱ्याबाहेर, डावीकडे."

गवतात वीतभर दांडी उभी होती. तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढी, हिरवट तपकिरी फुलं, मावीसच्याच ऑर्किडची. पलीकडे दुसरी दांडी, मग तिसरी. दोरीच्या आत अकरा निघाल्या. सहा आठवडे तिथे कुणाचा पाय पडला नव्हता, की कुणी तण उपटलं नव्हतं. सगळ्यांच्या दुर्बिणी तेवढ्या त्या कांद्यावर होत्या.

दोघांच्या खांद्यांना धरून मावीस जमिनीवर आडवी झाली आणि गाल मातीला टेकून बघत राहिली. इतकंसं फूल, आणि त्याला जिभेसारखी इतकुशी पाकळी! नऊ वर्षं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हेडलीलाही भरून आलं. या मातीत आणखी काय काय दडलं असेल, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला.

"हेडली," मावीस पडल्या पडल्याच म्हणाली.

"बोल."

"ते कांदातण उपटून टाक."

तो लगबगीने वाकला.

"थांब! तू नको," मावीस ओरडली. "तू हात खिशात घाल."