हसरा चेहरा अमान्य

चार महिन्यांची मुक्ताई हसते, ही बाब हडपसरच्या दत्तोबांच्या घरात आजवर कौतुकाची होती. पासपोर्टचा अर्ज भरल्यापासून ती त्रुटी ठरली.

मुक्ताई ही दत्तोबांची नात. लेक संस्कृती बाळंतपणाला माहेरी आलेली, जावई ऋषी नोकरीला जर्मनीत. त्याने मुलीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. तिचं खिदळणं तो रोज व्हिडिओ कॉलवर पाही आणि डोळे पुसत म्हणे, "मामा, लवकर पाठवा हो दोघींना."

पण पासपोर्टला फोटो हवा, आणि फोटोचे नियम कडक. मागे पांढरं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, सावली नाही, धरणाऱ्याचा हात नाही, चेहऱ्यावर भाव नाही. ज्या वयात धड बसता येत नाही, त्या वयात गंभीर मात्र व्हायचं.

सातबाऱ्यावर नाव चढवायला एकोणीस वर्षं उंबरे झिजवलेले दत्तोबा कागदापुढे हार जाणारे नव्हते. त्यांनी ठेवणीतलं पांढरं धोतर गादीवर अंथरलं, वर नातीला निजवलं. संस्कृतीने मोबाईल रोखला आणि मुक्ताई खुदकन हसली.

"हसायचं न्हाई!" दत्तोबा गरजले. ती आणखी हसली. खुळखुळा दाखवला, हसली. लपवला, तरी हसली. शेवटी वैतागून त्यांनी नियमांचा कागदच मोठ्याने वाचायला घेतला. तिसऱ्या नियमाला मुक्ताईचा चेहरा उतरला, पाचव्याला पार कारकुनी झाला. फोटो निघाला.

तो तीनदा परत आला. एकदा कानामागे सावली, एकदा धोतराला सुरकुती, एकदा नुसतंच 'अयोग्य'. दर वेळी तेच धोतर, तोच मोबाईल, तेच वाचन.

चौथा फोटो पासपोर्ट कचेरीतल्या खिडकीवरच्या साहेबांनी चष्म्याखालून पाहिला. "गालावर हा डाग कसला?"

"तीट हाय, साहेब," आजी सोजरबाई म्हणाल्या. "मोकळ्या गालानं फोटू काढला तर नजर लागंल."

"अहो आजी, तीट म्हणजे खाडाखोड. तीळ असता तर चाललं असतं."

दत्तोबांनी तिथल्या तिथे अर्जात लिहिलं, 'ओळखीची खूण: उजव्या गालावर तीळ.'

साहेबांनी मुक्ताईकडे पाहिलं. तिच्या गालावरची तीट घामाने पुसली होती. "फोटोत तीळ आहे, मुलीला नाही. फोटो बरोबर आहे. मूल चुकीचं आणलंत."

सोजरबाईंनी आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि मूल दुरुस्त केलं.

"आता जुळतंय," म्हणत साहेबांनी शिक्का उठवला.

पासपोर्ट घरी आला त्या संध्याकाळी ऋषीने हरखून कॉल लावला. मोबाईल समोर येताच मुक्ताईने तोंड मिटलं, डोळे ताणले आणि सरळ समोर पाहिलं. ऋषीने टाळ्या वाजवल्या, माकडासारखी तोंडं केली, बोबडं बोलून झालं. ती ढिम्म हलली नाही.

"मामा, ही हसत का नाही?" ऋषीने विचारलं. संस्कृती उठून आत गेली.

हे आपणच केलं, हे दत्तोबांना कळलं होतं. तरी सवयीने त्यांनी पासपोर्ट उघडून तारीख तपासली आणि म्हणाले, "काळजी करू नका, जावईबापू. पाचच वर्षांची मुदत हाय."

सूचना: हे वाचताना आपण हसला असाल, तर आपलं ओळखपत्र काढून त्यावरच्या फोटोशी चेहरा जुळवून पाहावा. न जुळल्यास चेहरा बदलावा. फोटो बदलून मिळणार नाही.