उसवलेलं पुस्तक

पुस्तक हरवल्याचं कळलं तो सोमवार होता. "पुस्तक घरात नाय," एवढाच ते नेलेल्या कोंडीरामचा निरोप वाडीवरून आला. विद्यापीठाच्या ग्रंथपाल सुचेताबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "अप्पा, ते मिळालं नाही, तर खेड्यांना पुस्तकं देणं बंद."

अप्पा ग्रंथालयातले जुने सहायक. बायको गेल्यापासून त्यांचं बोलणं पुस्तक न्यायला येणाऱ्यांशीच. जमिनीचा कस आणि जंगल राखण्याचं ते पुस्तक त्यांनीच कोंडीरामला दिलं होतं. बाईंना घेऊन ते एसटीनं खालापूरकडच्या त्या वाडीवर गेले.

"हरवलं नाय, अप्पा. वाटलंय," कोंडीराम म्हणाला.

"कुणाला?"

"सगल्यांना. लावणी आमी सावडीनं करतो. आज माज्या शेतावर सगले, उद्या तुज्या. म्हटलं, पुस्तकाचं कामबी तसंच करू. घरटी एक पान दिलं."

सुचेताबाई ओट्यावर टेकल्या. "पुस्तक फाडलंत?"

"फाडलं नाय, बाय. उसवलं."

शेजारच्या ठकूबाईच्या घरात भिंतीवर एक पान दोऱ्यानं टांगलं होतं आणि खाली धूर बाहेर नेणारी चूल पेटली होती. "येसूबाईला सोपं पान गेलं," ती कुरकुरली. "मोरीच्या पाण्यावर अळू लाव, झालं. माती कालवायला मी."

चंदरच्या परसात खताचा खड्डा होता. बांधांवर पाल्याच्या खतासाठी लावलेली गिरिपुष्पाची खुंटं फुटली होती. राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर फांद्या जाळायला, यंदा डोंगरावर कोयता चाललाच नव्हता. ऐनाची झाडं फांद्यांसकट उभी होती. अप्पा पान वाचत आणि मान वर करून बघत राहत. पुस्तक त्यांनी कितीदा पुसून ठेवलं होतं. ते एवढं मोठं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"पानं परत लागतील," बाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"कशी देऊ? खत अजून मुरतंय." कोंडीरामनं आढ्यात खोचलेलं एक पान काढलं. "ह्ये न्या. ह्ये तुमच्या वाटणीचं. सावडीत पुस्तकवाल्यांना वगलून कसं चालंल?"

बाईंनी वाचलं. शाळा-कचेऱ्यांनी आवारातला पाचोळा जाळू नये, खड्ड्यात कुजवावा. ग्रंथालयामागं रोज संध्याकाळी पाचोळा पेटतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एसटीत बाईंनी ते पान पुन्हा काढून वाचलं. मग बाई म्हणाल्या, "अप्पा, पुढचं पुस्तक देताना शिवण सैल बघून द्या."

ग्रंथालयामागचा खड्डा अजून खणायचा आहे.